पाचव्या रकान्यातलं नाव

तात्या,

तुमच्या नावाचा कागद माझ्यापुढे आहे आणि त्यावर मला सही करायची आहे. तुम्ही जाऊन आज बारा दिवस झाले. उद्या अकरा वाजता चाकणच्या प्लांटमध्ये मीटिंग आहे, त्याआधी आपल्या साहेबांना, केदार सरांना, हा कागद सहीनिशी हवाय. सकाळपासून मी पेनाचं टोपण काढतेय आणि लावतेय. मारुंजीच्या या खोलीत दुसरं काही सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहायला घेतलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लिव्हायचं काय त्यात, सांग की तोंडानं." तेच तर अकरा महिन्यांत जमलं नाही.

आपलं काम काय, हे माझ्या आईला अजून नीटसं कळलेलं नाही. परभणीहून फोन केला की ती विचारते, "काय करायलीस गं तिथं?" आणि तुम्ही मागून तिचीच नक्कल करून ओरडायचात, "काय करायलीस!" मी तिला सांगते, मोठ्या प्लांटच्या गेटवर पार्ट घेऊन ट्रक येतात, त्यांची नोंद आमच्या वेबसाइटवर होते. नोंद सापडली की गेट उघडतं. प्रत्येक ट्रक, प्रत्येक पेटी, प्रत्येक पार्ट नंबर एकाच टेबलात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात, एकेक ओळ होऊन बसतो, आणि आता त्या ओळी काही कोटींत गेल्यात. गेटवरचा माणूस पार्ट नंबर टाकून शोधतो तेव्हा पान उघडायला चाळीस सेकंद लागतात. "चाळीस सेकंद म्हंजे काय लई झालं?" असं आई म्हणते. तिला मी एकदा सकाळी प्लांटच्या निघोज्याकडल्या गेटपाशी उभी करणार आहे.

त्या चाळीस सेकंदांवरून आपण किती भांडलो! दोष तुमचाच होता, हे मी आजही म्हणेन. गेटवरचा माणूस नंबर कसाही टाको, मधे जागा सोडो, आडवी रेघ विसरो, एबीसीडी छोटी टाको की मोठी, पान त्याला समजून घेईल अशी सोय तुम्ही करून ठेवली होती. पण त्यासाठी शोधताना टेबलातला एकेक नंबर उचलायचा, पुसायचा, मग ताडून बघायचा. कोटी ओळी, दर वेळी, पहिल्यापासून. मी म्हणायची, "तात्या, तुमच्या दयेपायी सगळं टेबल वाचावं लागतंय. लोकांना नीट टाइप करायला सांगा." तुम्ही चष्मा कपाळावर चढवायचात. "पोरी, त्याच्या हाताला ग्रीस हाय. मागं धा ट्रक हॉर्न मारत्यात. त्याला रेघ दिसत न्हाई. तुला एसीत दिसती." आकुर्डीच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं स्टोअर सांभाळून, स्वेच्छानिवृत्ती घेऊन, पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटर शिकलेला माणूस मला एसीवरून बोलतो याचा मला संताप यायचा. आणि तुमचं म्हणणं चूक नाही, हे तुम्हाला माहीत असायचं, याचा जास्त.

मग खंडेनवमी आली. आदल्या संध्याकाळी निघताना तुम्ही माझ्या खुर्चीपाशी थांबलात. "उद्या मी न्हाई. उद्या हत्याराला हात लावायचा न्हाई. आपलं हत्यार म्हंजी त्ये टेबल." मी मान डोलावली. मनात म्हटलं, दुपारनंतर प्लांट बंद, मशीनला झेंडूची माळ, नारळ, पेढे, सगळे घरी. टेबलाला हात लावायला वर्षातला यापेक्षा चांगला दिवस कुठला? पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तशी नंबरांची सूची टेबलाला जोडायची, म्हणजे शोध थेट ओळीवर जाऊन थांबतो. ती जोडली की तुमची ती पुसापुशीची सोय काढून टाकायची, आणि दसऱ्यानंतर तुम्ही आलात की पान एका सेकंदात उघडून दाखवायचं. खरं सांगते, मला ट्रकवाल्यांची काळजी नव्हती. मला तुम्हाला हरवायचं होतं.

लाइव्ह, म्हणजे गेटवर चालू असलेल्या, टेबलात बदल करायचा पासवर्ड फक्त तुमच्या नावाचा होता. तो तुम्हीच मला देऊन ठेवला होता, "अडीअडचणीला आसू दे" म्हणून. सकाळी दहाला मी त्याच नावानं आत शिरले आणि कमांड दिली. सूची तयार होईपर्यंत नवी नोंद घेणं थांबतं, हे मला ठाऊक होतं. पंधरा मिनिटांचं काम आहे असं धरून चालले होते. जे ठाऊक नव्हतं ते हे, की दुपारी प्लांट बंद होणार आणि दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणूनच भोसरीपासून चाकणपर्यंतचा प्रत्येक सप्लायर आपली गाडी पूजेआधी आत घालायला धावतो. सबंध वर्षात त्या सकाळइतकी गर्दी गेटवर कधी नसते. तुम्ही ते इतकी वर्षं बघत आला होतात. तुमच्या "न्हाई"मागे नुसतं हळदकुंकू नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, तास गेला. एकही नोंद आत जाईना. गेटवरून फोन सुरू झाले. मी घाबरून कमांड अर्ध्यातच तोडून टाकली, तशी अडकून पडलेल्या सगळ्या नोंदी एकदम अंगावर आल्या आणि वेबसाइटच झोपली. केदार सर धावत आले, कमांड कुणाच्या नावानं गेली ते शोधलं, तुमचं नाव बघितलं आणि तुम्हाला फोन लावून स्पीकरवर टाकला. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मागे घंटा वाजत होती, तुमच्या घरी आरती चालली होती.

"तात्या, तुमच्या नावानं लाइव्हवर कमांड गेलीये. तुम्ही घरून केलंत हे?"

फोनात घंटा वाजतच होती. मी तोंड उघडलं. उघडलं होतं, तात्या, हे माझ्याकडून एवढं तरी धरा. पण आवाज यायच्या आत तुम्ही म्हणालात, "व्हय सर. मीच केलं."

माझं प्रोबेशन संपायला महिना राहिला होता. तुम्हाला ते माहीत होतं, सगळ्या ऑफिसला माहीत होतं. दसऱ्यानंतर आलात तेव्हा मला बाजूला घेऊन तुम्ही एवढंच बोललात, "सूची करताना नोंदी चालू ठिवायची बी कमांड आस्ती. पुढच्या टायमाला ती दे." झालं. मी रडायच्या तयारीनं आले होते आणि तुम्ही मला कमांड शिकवलीत.

तुमचा पासवर्ड काढून घेतला. तुम्हाला दाराजवळ हेल्पलाइनच्या फोनवर बसवलं आणि तुमची खुर्ची मला मिळाली. यापुढे त्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही, असा केदार सरांनी हुकूम काढला. पान चाळीसचं पन्नास सेकंदांवर गेलं, मग साठ. ट्रकवाल्यांच्या शिव्या तुम्ही दिवसभर फोनवर ऐकायचात. "व्हय दादा, बघतो दादा, उघडंल बघा आता." ते माझ्या कानावर यायचं. दर वेळी वाटायचं, उठावं आणि सांगावं. आधी म्हटलं प्रोबेशन संपू दे. ते संपलं. मग म्हटलं आता इतक्या उशिरा सांगितलं तर विचारतील, इतके दिवस गप्प का बसलीस? दिवस जात होते तसं उत्तर देणं आणखी अवघड होत होतं.

तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटायची, आणि त्या लाजेचा मी राग करून टाकला. चैत्रात तुम्ही एक वही घेऊन माझ्याकडे आलात. एकच पार्ट नंबर कुठल्या गेटवर कसा टाकतात, ते फोन ऐकता ऐकता लिहून काढलं होतं. खुर्ची तुमची, मी बसलेली आणि तुम्ही उभे. म्हणालात, "तू बी बरोबर, मी बी बरोबर. स्टोअरला माल आत घेतानाच पुसून रॅकला लावायचा आस्तो. मागणी आल्यावं पुसत बसलं तर लाइन थांबती. नंबर आत येतानाच पुसून शेजारी दुसऱ्या रकान्यात ठिव, आन् सूची त्या रकान्याला जोड." वर्षभराच्या आपल्या भांडणाचं उत्तर तुम्ही दोन वाक्यांत दिलं होतं. ते बरोबर आहे हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि मी काय म्हणाले? "तात्या, तुम्ही फोन बघा ना."

तुम्ही वही मिटलीत आणि जाऊन फोन घेतलात. माझ्या तोंडून आजवर निघालेलं यापेक्षा वाईट वाक्य मला आठवत नाही.

परवा दशक्रियेला मी घाटावर आले होते. तुमचं सगळं निघोजे गाव लोटलं होतं. केदार सर बोलायला उभे राहिले. तुमच्या कष्टांबद्दल चांगलं बोलले आणि मग म्हणाले, "एका प्रसंगी त्यांच्या हातून चूक झाली, पण कंपनीनं त्यांना अंतर दिलं नाही." लोकांनी माना हलवल्या. मी बायकांच्या घोळक्यात तिसऱ्या रांगेत उभी होते आणि खाली बघत होते.

नंतर तुमच्या घरी काकूंना भेटायला गेले. त्यांनी मला आत नेलं, दार लोटलं आणि सरळ विचारलं, "माधुरी, एक सांग. त्या नवमीला ह्यांचा लॅपटॉप विळ्या-पहारीसंगं देवापुढं हुता. मी सोता त्याला हळदकुकू लावलं. दिवसभर कुनी हालवला न्हाई. मंग ह्यांनी त्ये काम केलं कवा?"

मी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "गावात म्हनत्यात, पूजेच्या दिशी हत्यार चालवलं म्हनून कंपनीनं खाली बसवलं. थोरलं दीर तवापासून ह्यांच्याशी बोललं न्हाईत. सख्खा भाऊ. खांदा द्यायला आलं, पर त्याच्या आधी अकरा म्हैने एक सबूद न्हाई. मी ह्यांना इचारायची, तर म्हनायचं, सोड."

"काकू, मला काही कल्पना नाही," मी म्हणाले.

आता हा कागद. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात पान सत्तर सेकंदांवर गेलं आणि गेटवर पुन्हा रांग लागली. प्लांटनं लेखी कारण मागितलं. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात बोल्टचा आटा बिघडला तरी 'फाइव्ह व्हाय'चा कागद भरावा लागतो, पाच वेळा "का" विचारायचं आणि पाचव्या रकान्यात मूळ कारण लिहायचं. वेबसाइटलाही सुटका नाही. ट्रक का थांबले? पान उघडेना. का? शोधताना सगळं टेबल वाचलं जातं. का? चालेल अशी सूची नव्हती. सूची का नव्हती? टेबलाला हात लावायला बंदी होती. बंदी का? आणि पाचव्या रकान्यात केदार सरांनी टाइप केलंय, तुमचं पूर्ण नाव, आणि पुढे: "यांची चूक. सदर कर्मचारी आता कंपनीत नाही."

मी म्हटलं, "सर, हे असं लिहायचं?" ते म्हणाले, "अगं, त्यांना आता काय फरक पडणार आहे? विषय बंद होतो. तू फक्त 'तयार करणार'च्या पुढे सही कर."

सदर कर्मचारी आता कंपनीत नाही. किती वेळा वाचलं मी हे.

एक केलंय, ते सांगते. रांग लागल्यावर केदार सरांनी नाइलाजानं बंदी उठवली. मी हेल्पलाइनच्या खणातून तुमची वही काढली आणि तुम्ही सांगितलं होतंत तसंच्या तसं केलं. आधी टेबलाच्या नकलेवर करून बघितलं. मग पुसलेल्या नंबरांचा वेगळा रकाना उघडला, नवी नोंद येतानाच तो भरायचा. जुन्या ओळी थोड्या थोड्या करून भरल्या. शेवटी सूची जोडली, नोंदी चालू ठेवणारी ती कमांड देऊन. एकही ट्रक अडला नाही. सत्तर सेकंदांचं पान आता पापणी लवायच्या आत उघडतं, आणि गेटवरच्या माणसानं रेघ दिली नाही तरी उघडतं. आपण दोघंही बरोबर होतो. मला आनंदानं नाचावंसं वाटायला हवं होतं. मी खुर्चीत बसून होते आणि दाराजवळ फोन वाजत होता, तो घ्यायला कुणी नव्हतं.

सही केली तर सगळं मिटतं. नाही केली तर उद्या अकरा वाजता प्लांटच्या साहेबांसमोर, केदार सरांच्या शेजारी बसून मला बोलावं लागेल. नोकरी राहणार नाही, असं धरून चाललेय. उद्याच तुमचा तेरावा आहे.

इथवर काल लिहिलं होतं. पुढचं आज लिहितेय.

मी सही केली नाही. गाडीत केदार सर दोनदा म्हणाले, "कागद दे." मी दोनदा म्हणाले, "तिथे देते." मीटिंगच्या खोलीत प्लांटचे क्वालिटीचे साहेब एकटेच होते, कागद उलटा धरून वाचतील की काय इतके कंटाळलेले. ते पाचव्या रकान्यापाशी आले आणि मी बोलले. "सर, हे नाव चुकलंय. ती कमांड मी दिली होती. त्यांच्या पासवर्डनं, त्यांनी नको म्हटलेलं असताना. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं." केदार सर माझ्याकडे वळले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, नाव तुमचं असो की त्यांचं, इथं नाव चालतच नाही. माणसाची चूक हे मूळ कारण आम्ही कधीच घेत नाही. कागद परत गेला असता तुमचा. पद्धत काय चुकली ते लिहा. दोघांत एक पासवर्ड का, आणि गर्दीच्या दिवशी बदल करायची मुभा का, हे लिहा. आणि पान आता उघडतंय ना? मग झालं तर."

त्यांनी तुमच्या नावावर रेघ मारली आणि चहा सांगितला.

संपलं, तात्या. अकरा महिने ज्याला भीत होते ते चहा यायच्या आत संपलं. केदार सर परतताना फक्त एवढं म्हणाले, "आधी सांगायचंस ना." माझी नोकरी आहे तशी आहे. त्या दिवशी स्पीकरसमोर माझे शब्द तोंडातल्या तोंडात अडकले नसते, तर फार तर आठ दिवस सगळे माझ्यावर चिडले असते. तुम्ही इतकी वर्षं कारखान्यात असले कागद भरलेत. इथं नाव लागत नाही, हे तुम्हाला माहीत असणारच. मग स्वतःचं नाव का दिलंत? मला तुमचा राग आला, तिथल्या तिथे, त्या खुर्चीत बसून. आणि रडूही आलं.

प्लांटच्या गेटवरून मी सरळ तुमच्या घरी आले. पंगत उठत होती, भावकीतली माणसं हात धुवून ओट्यावर बसली होती. काकू दारात होत्या. मी त्यांना तिथेच सांगितलं, एका दमात, मीच केलं, मीच.

काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "परवा घाटावं समदं गाव हुतं. तवा तुजं तोंड कुटं गेलं हुतं?" त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट धरलं, आणि मला ओट्यावर नेलं. तुमचे थोरले भाऊ खांबाला टेकून बसले होते. "भावजी, ही काय सांगती ऐका," काकू म्हणाल्या. "सांग गं. समद्यांना ऐकू जाईल आसं सांग."

मी पुन्हा सांगितलं. तुमचे भाऊ खांब सोडून पुढे सरकले, जमिनीकडे बघत. मग म्हणाले, "मी त्याला इचारलं हुतं. दसऱ्याच्या दिशी, हितंच. म्हनलं, दत्तू, पूजेच्या दिशी तू हत्याराला हात लावलास? माज्या तोंडावं व्हय म्हनला. मी म्हनलं, मंग आजपासनं तू माजा भाऊ न्हाईस."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तात्या. अगदी तुमच्यासारखं.

"तुज्यासाठी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.